डाव्या हाताची छाटणी

"कोण म्हणायलंय?" असं विचारून काकू हनुवटी वर करायच्या. मग समोरचा माणूस आपलंच वाक्य दुसऱ्याच्या गळ्यात घालू लागे. "मी नाही हो, सगळेच म्हणतात."

हैदराबादेत, नल्लकुंट्यातल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या शेजारी राहायच्या. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, तर त्यांचा जन्मच इथल्या गौलीगुड्यातला. इथल्या उन्हात जिरेनियम टिकत नाही, असं मी पहिल्याच भेटीत बोलून गेले. हनुवटी वर गेली आणि त्यांनी मला थेट बाल्कनीत नेलं. कठड्याशी लाल, गुलाबी, पांढरे गुच्छ उभे होते. उन्हाळ्यात दुपारची सावली, पावसात आडोसा आणि पाऊस संपला की सपाटून छाटणी, एवढंच त्यांचं शास्त्र. "दया केली की झाड नुसतं उंच होतंय, फुलत नाही," त्या म्हणायच्या.

भाजीवाल्याशी दखनीत, वॉचमनशी तेलुगूत आणि माझ्याशी मराठीत त्या सारख्याच उत्साहाने भांडत. नवऱ्यामागे एकट्या राहतात म्हणून कुणी कीव केली, तर त्याला चहा मिळत नसे.

एका पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय हळूहळू सावरला, उजवा हात मात्र लोंबतच राहिला. डॉक्टरांनी हाताची फार आशा धरू नका म्हणून सांगितलं. बेंगळुरूहून मुलगी आली होती. बिचारी घाबरून गेली होती. फ्लॅटला कुलूप लावायचं, कुंड्या वाटून टाकायच्या आणि आईला घेऊन जायचं, असं तिने ठरवलं. काकूंनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

व्यायाम करून घ्यायला एक तरुण येई. त्याने दिलेला रबरी चेंडू काकू बाजूला सारत. चेंडू दाबून कुणाचं भलं झालंय, असं त्यांचं म्हणणं. एका सकाळी त्या भिंत धरत माझ्या दाराशी आल्या आणि त्यांनी कात्री मागितली. त्यांची स्वतःची कात्री मुलीने कपाटावर ठेवून दिली होती.

कात्री घेऊन मी त्यांच्यामागे गेले. त्यांच्या बाल्कनीत जिरेनियमच्या काड्या हातभर वाढून वाकल्या होत्या. काकू स्टुलावर बसल्या. कात्री डाव्या हातात धरली. पहिली काडी कापली गेली नाही, चिरडली. दुसरीच्या वेळी पाती घसरली आणि कळ्यांचा अख्खा गुच्छ खाली पडला. मी न राहवून हात पुढे केला.

"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "वाकडं कापीन, पण मी कापीन."

आवाज ऐकून मुलगी आली. आई, कशाला हा हट्ट, झाडं मरतील, असं ती रडवेली होऊन म्हणाली.

"मरू दे. माझ्या हातानं मरू दे."

त्यानंतर त्या रोज एक कुंडी घेत. घाम फुटे, कात्री पडे, त्या वाकून उचलत. दिवाळीला बाल्कनीत नुसती खुंटं उरली होती. दोन झाडं कुजून गेली, ती त्यांनी स्वतः उपटून टाकली. मुलीने बॅगा भरल्या. काकूंनी डाव्या हाताने चहा केला, गाळला, तिच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, "मी इथंच राहणार." मुलीने तो चहा संपवला. मग एकटीच परत गेली.

थंडीत खुंटांना पालवी फुटली, नंतर फुलं आली. उजवा हात शेवटपर्यंत उठला नाही. स्वयंपाक, कुलूप, छाटणी आणि भांडणं, सगळं डाव्यावर चाललं. अशी काही वर्षं त्या त्यांच्याच घरात राहिल्या आणि एका मे महिन्यात तिथेच गेल्या.

कुंड्या मुलीने मला दिल्या. ऑक्टोबरात छाटणीला बसले, तेव्हा पहिल्यांदाच खोडं नीट पाहिली. खाली जुन्या कापांच्या खुणा होत्या, एका बाजूला उतरत्या, सुबक. त्यांच्या वरच्या सगळ्या खुणा उलट्या बाजूला उतरत होत्या, काही ओबडधोबड, काही चिरडलेल्या. आणि त्या प्रत्येक खुणेशेजारून एक जाडजूड फांदी फुटून वर गेली होती.