पोवळ्यांचं पाळणाघर आणि आईचा काथ्या

मोगरा ऐन भरात असताना नाशिकजवळच्या मखमलाबादची फुलं विकणारी बाई घर सोडत नाही. दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात माझ्या आईने मात्र सोडलं. मळा वडिलांवर टाकला, दशम्या बांधल्या आणि मला म्हणाली, "चल, सुमीला घेऊन येऊ."

सुमी माझी धाकटी बहीण. जामनगरच्या बाजूला किनाऱ्यावर एका छोट्या प्रकल्पात गाळाने आणि उष्णतेने मेलेल्या प्रवाळावर नवी पिल्लं वाढवायचं काम करायची. प्रवाळ म्हणजे पोवळ्याच्याच जातीतला, समुद्रात राहणारा जीव. तो वर्षातून एकदाच अंडी सोडतो. आधीची पिल्लं मेली होती. सुमीने फोनवर आईला शब्द दिला होता, "या वर्षी पिल्लं धरली नाहीत, तर मी नाशिकला परत येते." आईला खात्री होती, धरणार नाहीत.

नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सकाळची सुरत एसटी पकडा, वणीमार्गे सापुताऱ्याचा घाट उजेडात दिसतो. खिडकी मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण पोटात ढवळत असेल तर पुढचं बाकडं धरा. वणीच्या अलीकडे शेजारच्या बाईने आईला विचारलं, "गडावर का?"

"नाय वं, पोरीला आणाया चालले."

"सासरी लय जाच हाये का?"

"सासर कुठलं! समुद्रात नोकरी करती."

ती बाई वणी येईपर्यंत आईकडे कीव केल्यासारखी बघत राहिली. मी हसू दाबत घाट बघत होते.

सुरतेला स्टेशनबाहेर खमण खाल्लं आणि जामनगरची गाडी धरली. पुढे छकडा, म्हणजे मोटारसायकलला मागे हौदा जोडलेली गाडी. तीत सगळी हाडं खिळखिळी होतात, पण भाडं हलकं. जेवायला बाजरीचा रोटला आणि शेव-टमाट्याची भाजी. आईने आपला ठेचा काढला आणि खानावळवालीलाही वाढला.

सुमीची शेड पत्र्याची. टबांमध्ये तिळाहून बारीक पिल्लं फिरत होती. अंडी गोळा करून, फळवून, नुकतीच जन्मलेली. आई चष्मा लावून वाकली. "हीच का अंगठीतली पोवळी?"

"ती वेगळी, आई. पण चुलत बहिणी म्हण."

दुसऱ्या दिवशी सुमी मला ओहोटीला समुद्रात घेऊन गेली. जाणार असाल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जा, पाणी लांब हटतं. वनखात्याची परवानगी आधी काढा आणि पायात कॅनव्हासचे बूट घाला. मैलभर पांढरी, मेलेली पोवळी होती. मधेच एखादं हिरवट, जिवंत. सुमी त्याच्याशेजारी हळूच बसली आणि मला ती लहानपणी रोपाशी बसायची तशी दिसली.

परतलो तर आई शेडसमोर बसून काथ्याने फरशा घासत होती. पिल्लांना बसायला सुमीने समुद्रातून काढून पसरून ठेवलेल्या त्या फरशा! आमच्या मळ्यात कलम लावायच्या आधी कुंडी घासून उन्हात ठेवायची, ही आईची शिस्त. "लय बुरशी चढली व्हती गं," ती खुशीत म्हणाली.

सुमीने तिच्यापुढची फरशी ओढून घेतली. "आई, तो गुलाबी थर यावा म्हणून या फरशा कित्येक महिने समुद्रात ठेवल्या होत्या. पिल्लं त्याच्यावरच बसतात!" आणि मग नको ते बोलून गेली, "मला घरी न्यायचंय म्हणून मुद्दाम केलंस ना?"

आईच्या हातातला काथ्या गळून पडला.

मी उगाच एक फरशी उलटी केली. खालची बाजू तशीच गुलाबी होती. आईने फक्त वरून घासलं होतं. सुमी बघत राहिली. "खालूनही बसतात. सावली आवडते त्यांना," ती पुटपुटली. आम्ही फरशा खड्यांवर टेकवून टबात ठेवल्या.

पुढचे दिवस आम्ही कुठेही फिरलो नाही. मोगऱ्याच्या टोपलीवर घालतो तसं आईने पत्र्यावर ओलं गोणपाट घातलं आणि सुकलं की भिजवत राहिली. टबात मात्र तिने बोटही घातलं नाही. सुमीने माफी मागितली तेव्हा म्हणाली, "आधी पोरं बघ."

एका सकाळी सुमीने फरशी उलटी करून भिंग लावलं. बारीक ठिपके होते, हलत नव्हते. तिने आईला भिंग दिलं.

"धरली?"

"धरली, आई."

आई पदर डोळ्यांना लावून रडली. "मंग आता तू काय येत नाय."

"नाही."

"बरं," म्हणून तिने उरलेल्या ठेच्याचा डबा सुमीच्या फळीवर ठेवला.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो घाट तसाच आहे. आता खिडकीची जागा मी शेजारच्या प्रवाशाला देते. सुमी अजून तिथेच आहे. त्यातली बरीच पिल्लं नंतर मेली, काही मुठीएवढी झाली. आई दर फोनला आधी त्यांचीच खुशाली विचारायची.

मला आठवतो तो आमच्या परतीचा दिवस. फाटकातच शेजारच्या काकूंनी हटकलं, "काय गं, पोरीला आणाया गेली व्हती ना?"

"कशी येईल?" आई पिशवी खाली ठेवत म्हणाली. "लेकुरवाळी हाये ती आता."