तेक्लाआक्काचं घर आणि डुकराची तिल्ली

नेस्टर हुकालो जन्मभर रस्त्यांवरचा बर्फ सारायचं सरकारी यंत्र चालवत आला, पण सॉरेल लँडिंगमध्ये त्याला त्यासाठी कुणी ओळखत नव्हतं. त्याची ओळख होती तिल्लीची. दर नोव्हेंबरात घरचं डुक्कर कापलं, की नेस्टर त्याची तिल्ली बाहेर काढायचा आणि तिच्यावरून पुढच्या सहा महिन्यांचं हवामान सांगायचा. डुकराची तिल्ली चांगली हातभर लांब असते, बैलाच्या जिभेसारखी. तिचं डोक्याकडचं टोक म्हणजे डुक्कर कापलं तो महिना आणि शेपटीकडचं टोक म्हणजे वसंत. मधे बोटानं सहा भाग पाडायचे. जिथं फुगीर तिथं थंडी, जिथं बारीक तिथं ऊब. त्याचा बाप हेच करायचा, आजा समुद्रापल्याडच्या जुन्या देशात हेच करायचा, आणि तीन पिढ्यांत एकाही डुकरानं हरकत घेतली नव्हती.

रेडिओवरही वसंताचा अंदाज यायचा. सरासरीपेक्षा उबदार राहण्याची शक्यता साठ टक्के, असं काहीतरी. नेस्टर ते ऐकून बंबासारखा तापायचा.

"साठ टक्के? म्हंजे काय? कमरेपतूर स्वेटर घालायचा आन् खाली उघडं फिरायचं? माझी तिल्ली अशी कधी बोलती का? ती म्हणती थंडी, म्हंजे थंडी!"

पंच्याऐंशी सालच्या वसंताआधीचा नोव्हेंबर. चर्चच्या सभागृहात सगळं गाव जमलं होतं. नेस्टर कोठारातून तिल्लीची परात घेऊन आला. बाहेर उणे चोवीस, आत दोन भट्ट्या रसरसलेल्या. दारातून आत पाऊल टाकलं आणि त्याच्या चष्म्यावर जे धुकं धरलं, ते पुसायला त्याच्याकडं हातच मोकळा नव्हता. पण पुढं मांडलेल्या वोडकाच्या पेल्यासाठी हात मोकळा झाला. मग त्यानं तिल्ली टेबलावर पसरली, बोटं फिरवली आणि सांगून टाकलं.

"नोव्हेंबर गुलाबी. डिसेंबर बरा. ह्या टोकाला बघा कशी फुगलीया, ह्यो एप्रिल! मंडळी, औंदा वसंत उशिरा. एप्रिलच्या मध्यापतूर तळ्यावरनं हत्ती न्या, बर्फ हूं का चूं करायचा न्हाई."

दुसऱ्याच आठवड्यात एवढा बर्फ पडला, की पोस्टाची पेटी शोधायला फावडं लागलं. नेस्टर म्हणाला, "ह्यो बर्फ दक्षिणेकडनं आलाय. आपला न्हवं." डिसेंबरात गाड्यांची इंजिनं गोठली, तेव्हा म्हणाला की डुक्कर तापट स्वभावाचं होतं, जरा वाढवून सांगतंय. जानेवारीत म्हणाला, "घाई कशापायी? अजून वसंत आलाय कुठं?" लोकांनीही मान डोलावली. इतकी वर्षं ऐकत आलेले, एका हिवाळ्यासाठी कोण भांडत बसणार.

पण एका माणसानं त्या तिल्लीवर आपलं घर टाकलं होतं. तो माणूस म्हणजे नेस्टरची थोरली बहीण, तेक्ला.

तेक्लाआक्का चौऱ्याहत्तर वर्षांची, तळ्याच्या पल्याडच्या काठावर एकटी राहायची. आमचा काठ आणि तिचा काठ यांत सहा किलोमीटर तळं. हिवाळ्यात बर्फावरून गाडी जायची, उन्हाळ्यात होडी. मधले सहा आठवडे धड ना बर्फ ना पाणी, तेव्हा देवही तिकडं जात नसे. आदल्या वसंतात नेमक्या त्याच दिवसांत ती विहिरीपाशी पडली, आणि मोडलेल्या मनगटानिशी तिनं नऊ दिवस एका हातानं लाकडं फोडली. नेस्टर होडी घेऊन पोचला तेव्हा म्हणाली, "उशीर केलास. कोंबड्यांना दाणं टाक." त्या दिवसापासून नेस्टरनं धोशा लावला होता, की आक्का, इकडं गावात चल.

"येती की," ती म्हणाली. "पर घरासकट."

आमच्याकडं ह्यात नवल काही नाही. घराखाली लाकडी घसरपट्ट्या, म्हणजे लांब जाड ओंडके, सारायच्या, ट्रॅक्टर लावायचा आणि बर्फावरून ओढत न्यायचं. हे काम करणारा अँब्रोज लाथलिन हा क्री जमातीचा, म्हणजे इथला मूळचा माणूस. त्यानं निम्म्या गावाची घरं इकडून तिकडं केली होती. तो मार्चचा दुसरा आठवडा म्हणत होता. तेक्ला म्हणाली, ईस्टरनंतर. त्या वर्षी आमचा, जुन्या पंचांगाचा, ईस्टर चौदा एप्रिलला होता. तिच्या घरात नवऱ्यानं हातानं बांधलेली मातीची भट्टी होती. ती ओढणीत टिकणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या भट्टीत ईस्टरची शेवटची पास्का-भाकरी भाजायची आणि मगच घर हलवायचं, हा तिचा हट्ट.

"एप्रिलपतूर बर्फ राहतोय व्हय, आक्का?" अँब्रोजनं विचारलं होतं.

"माझ्या भावाच्या तिल्लीनं सांगितलंय," तेक्ला म्हणाली. "तुला काय तिच्याहून जास्त कळतं?"

मार्चच्या एकवीस तारखेला नेस्टरची बायको लुस्या फ्रीजरमधून मासे काढत होती. ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, मांस बंद. तिच्या हाताला तिल्ली लागली. नेस्टर वर्षभर ती जपून ठेवायचा, तक्रार आली तर पुरावा म्हणून. लुस्यानं ती उजेडात धरली. डुकराचं पोट उघडल्याबरोबर, तिल्ली कापून काढण्याआधीच, नेस्टर डोक्याकडच्या टोकाला सुरीनं एक खाच मारायचा, म्हणजे पुढं घोळ नको.

"अवं," लुस्या म्हणाली, "तुमी फुगीर टोक एप्रिल म्हणून सांगितलंत न्हवं?"

"मग?"

"खाच तर फुगीर टोकालाच हाय."

मी त्यांचा शेजारी, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो. नेस्टरनं चष्मा पुसला, तिल्ली घेतली, फिरवली, पुन्हा फिरवली. त्याच्या तोंडाचा रंग तिल्लीसारखा झाला.

"उलटी वाचली," लुस्या म्हणाली. "फुगीर नोव्हेंबर हुता. आन् एप्रिल बघा, कागदासारखा हाय."

बाहेर वळचणीवरून पाणी ठिबकत होतं. आठ दिवस ठिबकत होतं, पण आम्ही ते मनावर घेतलं नव्हतं, कारण तिल्लीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नेस्टर मला घेऊन तळ्यापल्याड निघाला. बर्फावर जागोजाग घोट्याएवढं पाणी साचलं होतं. वाटेत तो म्हणाला, "तिल्लीचं बोलायचं न्हाई. दुसरं कायतरी सांगू. आक्काला कळलं की मी बापाची विद्या उलटी वाचली, तर मेल्यावर बापाला जाऊन सांगंल."

तेक्ला अंगणात कोंबड्यांना हाकत होती.

"आक्का, अँब्रोजला ट्रॅक्टर परत द्यायचाय. आठवड्याच्या आत घर हलवाया लागतंय."

"ट्रॅक्टर त्याच्या मेव्हण्याचा हाय. मेव्हणा तुरुंगात हाय. कुणाला देतोय परत?"

नेस्टरनं घसा खाकरला. "दवाखान्यातली नर्स म्हणती, तुला लवकर आणा. तुझा रक्तदाब—"

"त्या नर्सच्या आईचं बाळंतपण मी ह्या हातानं केलंय. ती मला न्हाई सांगत, मी तिला सांगती."

"रेडिओवर म्हणतात लवकर वितळणार."

तेक्ला कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. "तू रेडिओ ऐकाया लागलास? काय झालंय तुला? आजारी हायस का?"

नेस्टर माझ्याकडं बघायला लागला. मी कोंबड्यांकडं बघायला लागलो. तळ्यातून खोलवर कुठंतरी पोट गुरगुरल्यासारखा आवाज आला. मग त्या माणसानं टोपी काढली. त्याला मी चर्चबाहेर टोपी काढताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"आक्का, तिल्ली उलटी वाचली मी. चष्म्यावर धुकं हुतं. बर्फ एप्रिल बघत न्हाई. तुझं घर तळ्यात जाईल, न्हाईतर तू हितं अडकशील. दोन्हीपैकी एक."

तेक्लानं पायात आलेली कोंबडी बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हंजे नोव्हेंबरपास्नं सगळं गाव उलटं चाललंय?"

"व्हय."

"आन् एकाला बी कळलं न्हाई?"

"न्हाई."

"गाढवांनो," ती म्हणाली आणि घरात गेली. आतून पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला. "अँब्रोजला सांग, परवा सकाळी. आज मळती, उद्या भाजती. ईस्टर तीन आठवडं आधी झाला म्हणून देव काय मला सोडणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही सातजण घराखाली घसरपट्ट्या सारत होतो, आणि वर भट्टीत एकामागून एक पास्का फुगत होत्या. लोणी, अंडी, संत्र्याची साल. दिवसभर तो वास. उपासाचे दिवस, लोण्याअंड्याला शिवायचं नाही. माझ्यासारखे नास्तिकसुद्धा तेक्लासमोर भाकरीला हात लावायला धजत नव्हते. अँब्रोजला मात्र उपास नव्हता. तो पायरीवर बसून एक अख्खी पास्का खात होता आणि मधूनमधून आम्हाला सांगत होता, "जरा डावीकडं घ्या."

ठरलेल्या दिवशी पहाटे भट्टी थंड झाली. तेक्लानं तिच्यावरून एकदा हात फिरवला, राख बादलीत भरली आणि घराबाहेर आली. अँब्रोजनं ट्रॅक्टरचं दार काढूनच टाकलं होतं, उडी मारायची वेळ आली तर अडथळा नको म्हणून. कुणालाही घरात बसू द्यायचं नाही, हा त्याचा नियम. तेक्ला राखेची बादली घेऊन पुढं चालायला लागली आणि तिच्यामागं तिचं घर निघालं.

पाच तास घर सरकत राहिलं. आमच्या काठापासून शंभर पावलांवर, जिथं ओढा तळ्याला मिळतो, तिथं डावी घसरपट्टी कचकन खाली गेली. पाणी वर आलं. घर एका कुशीवर कललं, आणि आतून भट्टी कोसळल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. अँब्रोजनं ट्रॅक्टर थांबवला.

"थांबलास कशाला?" तेक्ला ओरडली.

"आक्का, बर्फ बोलतोय."

"त्याला बोलू दे. तू वड!"

अँब्रोजनं तिचं ऐकलं नाही, म्हणून घर वाचलं. त्यानं साखळी सोडली, रिकामा ट्रॅक्टर लांबचा वळसा घालून काठावर नेला, तिथं झाडांना टेकवून उभा केला आणि चरखीवर लांब तार गुंडाळत घर ओढून आणलं, इंच-इंच. घसरपट्टीखाली आम्ही स्प्रूसच्या झाडांची ओली खोडं सारत होतो. नेस्टर कमरेपर्यंत पाण्यात होता आणि बापाच्या नावानं काहीतरी पुटपुटत होता. दुपारी चारच्या सुमारास तेक्लाआक्काचं घर जमिनीवर आलं. भट्टीचा ढिगारा, एक फुटका कप, बाकी सगळं जागच्या जागी. तिनं दार उघडलं, आत डोकावली आणि म्हणाली, "पाय पुसून या."

आणि मग थंडी परतली.

एप्रिलच्या दुसऱ्या तारखेला उणे वीस. तळं असं कडकडीत गोठलं, की त्यावर ट्रक पळायला लागले. ईस्टरच्या दिवशी गाव चर्चमधून बाहेर आलं तेव्हा उणे अठरा होतं. अँब्रोज तळ्याच्या मधोमध भोक पाडून मासे धरत बसला होता. बर्फ गेला तो मेच्या बाराव्या तारखेला. रेडिओचे साठ टक्केही खोटे आणि तिल्लीची बारीक शेपटीही खोटी.

ईस्टरच्या जेवणाला नेस्टर, लुस्या आणि मी तेक्लाच्या घरी गेलो. टेबलावर त्याच पास्का, तीन आठवडे गारठवलेल्या. तेक्ला खिडकीतून तळ्याकडं बघत होती.

"आज हत्ती गेला असता तळ्यावरनं," ती म्हणाली.

"व्हय, आक्का."

"म्हंजे तू उलटं वाचलंस ते खरं, आन् सुलटं वाचलंस ते खोटं."

नेस्टरनं तोंडात पास्काचा मोठा तुकडा कोंबला, म्हणजे उत्तर द्यावं लागू नये.

"माझी भट्टी गेली तुझ्या सुलट्या वाचण्यात. औंदाच्या नोव्हेंबरात डुक्कर मी कापणार. तू परात धरायची, आन् गप उभं राहायचं."

"आक्का, ती बापानं मला शिकवलेली—"

"तुला शिकवताना मी शेजारीच आतडी धूत हुती. मला सगळं येतंय." तिनं त्याच्या पुढ्यातली ताटली उचलली. "जेवून झालं असंल तर सरपण फोड. हितं आणलंस तर फोडायचं बी तूच."

नेस्टर उठला, कोट चढवला आणि दारात थबकला. "किती फोडू?"

"जूनपतूरचं."

लुस्यानं मला आणखी एक भाकरीचा तुकडा दिला. बाहेर कुऱ्हाडीचा पहिला घाव पडला.