एस्तेरमावशींची दुसरी साक्ष

एस्तेरमावशी प्रार्थना करताना डोळे मिटत नसत. हे मला कळलं, कारण मीही मिटले नव्हते. तेव्हा मी शाळकरी होते. बुधवारच्या प्रार्थनेला सगळ्या बायका माना खाली घालून बसल्या होत्या. मी कंटाळून एक डोळा किलकिला केला, तर समोर मावशी टक्क उघड्या डोळ्यांनी देवबापाशी बोलत होत्या आणि बोलता बोलता माझ्याकडेच बघत होत्या. आवाजात काडीचाही फरक न करता त्यांनी मला बोटानं डोळे मिटायची खूण केली. आमेन झाल्यावर मी आईकडे चहाडी केली. आई म्हणाली, "तुला कसं दिसलं?" विषय तिथंच संपला.

मावशी नात्यातल्या नव्हेत, सगळ्या मंडळीच्याच मावशी. नाना पेठेत एका पिठाच्या गिरणीच्या वर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. आमच्या चर्चमधले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. उंच, किडकिडीत, पांढरी सुती साडी, आणि जीभ अस्सल पुणेरी. कुणी कळांकडे बघून टाइप करायला लागलं की म्हणत, "बोटांवर पहारा कशाला? ती कुठं पळून जात नाहीत." चुकलेलं अक्षर कुणी खोडरबरानं घासत बसलं की शेजारी उभ्या राहत. "घास, आणखी घास. भोक पडलं की त्यातून गिरणी दिसेल." मग मशीनमधला कागद स्वतः ओढून काढत आणि म्हणत, "चूक झाली, कबूल. आता नवा कागद घाल."

पुढे गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि मावशींच्या मशीनवर एकेक करून कापडी झाकणं चढली. "काय मावशी, क्लास बंद?" असं कुणी विचारलं की म्हणत, "बंद कुठला? मशीनं विश्रांती घेतायत. त्यांनी आयुष्यभर काम केलंय, तुमच्यासारखं नाही." मला हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "म्हणजे तिथं चूक पुसली तर मागमूसही राहत नाही म्हणे? मग माणसं सुधारणार कशी?"

बुधवारची प्रार्थना त्या झाकलेल्या मशीनांच्या मधे होई. आमच्याकडे रीत अशी की प्रार्थनेआधी प्रत्येकीनं आपला विषय सांगायचा. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाचा व्हिसा, कुणाची न सुटणारी दारू. विषय नाव घेऊन सांगायचा, हा मावशींचा दंडक. "मोघम प्रार्थना कुणाच्याच घरी पोचत नाही," त्या म्हणायच्या. या रीतीमुळं देवाला कळायच्या आत पेठेला सगळं कळे, ही गोष्ट वेगळी.

त्या सुमारास माझ्या आयुष्यात विनीत होता. ऑफिसात मला वरिष्ठ, हुशार, हसरा. आमच्या घरात पहिला मोबाइल आला तो त्यानं मला दिलेला. मला वाटलं, केवढं प्रेम! तो फोन मी कुठं आहे ते कळावं म्हणून होता, हे मला उशिरा उमगलं. उचलायला वेळ लागला की संध्याकाळी त्याचा हिशेब होई. आधी बोलण्यानं, मग दंड पिरगाळून, आणि एकदा बाणेर रोडला गाडी बाजूला घेऊन, हेल्मेट काढायला लावून थोबाडीत. मला लाज वाटायची ती मार खाण्याची नव्हती. मार खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या मागं गाडीवर बसायचे, त्याची होती. मी इंजिनिअर, घरात पगार आणणारी, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारी. कुणाला सांगणार?

शेवटी एका बुधवारी मी म्हणाले, "माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीसाठी विषय आहे. तिचा मित्र तिला मारतो."

"नाव?" मावशींनी विचारलं.

"ज्योती," मी म्हणाले.

झालं. ज्योती दर बुधवारचा विषय झाली. बायका मनापासून विचारत, "काय गं, सुटली का तुझी ज्योती?" मी सांगे, अजून नाही. "शिकलेल्या मुली आणि एवढी अक्कल नसावी?" असं एखादी म्हणे, आणि मीही मान डोलवी. मावशींच्या शेजारी बसणाऱ्या राहेलकाकू तेवढ्या हळूच म्हणत, "येईल ती बाहेर. वेळ लागतो." मग माझ्या तोंडातून निघालेल्या त्या खोट्या नावासाठी सगळ्या कळवळून प्रार्थना करत आणि मी त्यावर आमेन म्हणे. तेवढ्यात खाली विनीतचा हॉर्न वाजे. ऑफिसचं काम आलं असं सांगून मी जिना उतरे.

एकदा तो गावाला गेला होता म्हणून मी खुर्च्या आवरायला थांबले. सगळ्या गेल्यावर मावशींनी विचारलं, "ज्योतीचा दंड कसा आहे आता?"

"कुठला दंड?"

"उजवा. सगळ्यांचे डोळे मिटले की तू तो चोळतेस."

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मी रडले. मावशींनी जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. समोर खुर्ची ओढून बसल्या.

"मी डोळे का मिटत नाही, ठाऊक आहे? जेवणाआधी प्रार्थनेला डोळे मिटले की आमचे हे मारायचे. मिटलेल्या डोळ्यांना हात येताना दिसत नाही. ते गेले, माझी सवय राहिली."

"पण मावशी, ते तर सुधारले होते ना? आई सांगते, तुमच्या प्रार्थनेनं—"

"ती माझी साक्ष. देवानं प्रार्थना ऐकली म्हणून चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून दिली. खोटी."

मावशी झाकलेल्या मशीनकडे बघत म्हणाल्या, "सगळ्या विचारायच्या, आता कसं आहे, आता कसं आहे? लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. म्हटलं, सुधारला असं सांगून टाकावं, म्हणजे विचारायच्या थांबतील. थांबल्या. पण ती साक्ष राहेलनं ऐकली. ती तेव्हा नवऱ्याला सोडून माहेरी आली होती. एस्तेरचा सुधारला, तर माझाही सुधारेल, असं म्हणून परत गेली. तिचा डावा कान तापानं गेला असं लोक म्हणतात ना? तापानं नाही गेला. आणि मी दर बुधवारी तिच्या शेजारी बसून प्रार्थना करते."

"त्यांना ठाऊक आहे?"

"नाही. माझी हिंमत नाही झाली." मग माझा हात धरून, डोळे उघडे ठेवून त्यांनी प्रार्थना केली. "देवबापा, ही सुवर्णा आहे. आजवर तुझ्याकडे ज्योतीचं नाव गेलं, ते दुरुस्त करून घे. हिला त्या माणसाच्या गाडीवरून उतरव. उतरताना पाय लटपटतील, तेवढे सांभाळ. झालं ते झालं, हिला तेच घासत बसू देऊ नकोस. आणि माझं तोंड उघड."

मी आमेन म्हणाले. आणि विनीत गावाहून आला त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसले. लिहितानाही कान तापतात, पण बसले.

मावशींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दफनाच्या वेळी पाळकसाहेब त्यांच्या शिस्तीबद्दल आणि सेवेबद्दल चांगलं बोलले. मला मात्र त्या आठवतात त्या आमच्या त्या बोलण्यानंतरच्या बुधवारच्या.

विषय सांगणं चालू होतं. कुणीतरी "ज्योतीचं काय?" असं विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत खाली हॉर्न वाजला. नेहमीपेक्षा लवकर. मी पर्स उचलली. मावशी उभ्या राहिल्या. "आज मला साक्ष द्यायची आहे," म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, थांब असंही म्हटलं नाही. मशीनच्या झाकणावर हात टेकून त्यांनी सगळं सांगितलं, नवऱ्याचं, खोट्या साक्षीचं, राहेलकाकूंचं. आयुष्यभर क्लासभर घुमणारा तो आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. खाली हॉर्न थांबून थांबून वाजत होता. माझा मोबाइलही पर्समध्ये वाजायला लागला.

मावशींचं बोलणं संपलं तेव्हा कुणी वर बघेना. एकीनं पदर तोंडाला लावला. दुसरी पुटपुटली, "एवढी वर्षं?" मावशी तशाच उभ्या होत्या. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखे त्यांचे हात समोर जुळले होते.

राहेलकाकूंनी मान वळवली आणि उजवा कान पुढं केला. "एस्तेर," त्या म्हणाल्या, "माझं नाव घेतलंस एवढंच कळलं. या हॉर्नमुळं बाकी काही ऐकू आलं नाही. पुन्हा सांग. मोठ्यानं."

मावशींनी एकदा ओठ मिटले. मग पहिल्यापासून, मोठ्यानं सांगायला लागल्या, "राहेल, माझा नवरा सुधारला नव्हता. मी खोटं बोलले."

हॉर्न पुन्हा वाजला, लांबच लांब. मी पर्स खाली ठेवली, उठून रस्त्याकडची खिडकी लावून घेतली आणि राहेलकाकूंच्या शेजारी येऊन बसले.