विंगेतून वाजलेलं इंजिन

पडदा उघडला की प्रेक्षकांना विद्युलताबाई कधीच दिसत नसत. त्या विंगेत असत, आणि तिथे त्यांचं राज्य होतं. मद्रासमधल्या मैलापूरच्या सभागृहात मराठी मंडळाचं नाटक लागलं की त्यातला गडगडाट त्यांचा, पाऊस त्यांचा, मध्यंतरानंतरचा घोडाही त्यांचाच. पत्रा हलवला की वीज. सुपात मूग फिरवले की सर. नारळाच्या करवंट्या फळीवर आपटल्या की टापा. एकदा त्यांनी असा काही पाऊस पाडला की पहिल्या रांगेतले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "अगं, गच्चीवर कपडे वाळतायत!" आणि त्या माउली खरोखर उठून निघाल्या. नायकाला त्या दिवशी टाळ्या मिळाल्या असतील, नसतील. विद्युलताबाईंना जे मिळायचं ते मिळालं.

मिरजेची ही मुलगी लग्न होऊन मद्रासला आली, जॉर्ज टाउनमधल्या बँकेत चिकटली आणि तिथूनच निवृत्त झाली. नवरा मधुसूदन रेल्वेच्या हिशेबखात्यात, स्वभावाने थट्टेखोर. मूलबाळ नव्हतं. होती ती एक हिरवी एम.जी. मोटार. दोनच माणसांची, छप्पर मागे दुमडणारी, दिवे डोळे वटारल्यासारखे. निलगिरीतल्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाकडून ती आली तेव्हा तिचं निम्मं अंग पोत्यात बांधलेलं होतं. विद्युलताबाईंनी ते एकेक करून जागच्या जागी बसवलं, आणि तेव्हापासून गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. "नटाचा मेकअप आणि गाडीचं इंजिन, ज्याचं त्याने करावं," असं त्या म्हणत.

दर दसऱ्याला ही गाडी सीमोल्लंघनाला निघे. पुढे बाई चाकावर, शेजारी मधुसूदन, मांडीवर कांचनाच्या पानांची पिशवी, कारण आपटा इथे कुठून आणायचा! एन्नोरच्या खाडीचा पूल ओलांडला की शहराची वेस ओलांडली, असं दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं. फक्त एका वर्षी खंड पडला. मधुसूदनांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि दसरा दवाखान्यात गेला. तिथे पडल्या पडल्या ते म्हणाले होते, "पुढच्या वर्षी मला पूल दाखव. तुझ्याच गाडीतून."

ते पुढचं वर्ष म्हणजे दोन हजार सहा. नवरात्रात बाईंनी बॉनेट उघडलं. प्लग बदलले, टॅपेट म्हणजे झडपांच्या फटी नीट केल्या, तेल बदललं. आणि गाडी सुरू केली तर इंजिनातून आवाज. टक्, टक्, टक्. वेग वाढवला की तोही वाढे, कमी केला की तोही दमाने घेई.

त्यांचा भाचा संकेत पुण्याहून येऊन श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यात लागला होता. आयुधपूजेच्या दिवशी तो जेवायला आला, कान लावून ऐकलं आणि गंभीर झाला.

"आत्या, टॅपेट असेल तर ठीक. पण आत बेअरिंग बोलत असेल, तर इंजिन वाटेत बसेल. आणि शेजारी काका."

"मग?"

"उद्या सकाळी ट्रक बोलावतो. अंबत्तूरला ओळखीचं वर्कशॉप आहे. उघडून बघतील."

"आणि परत कधी?"

"पोंगलपर्यंत."

"म्हणजे दसरा गेला."

"आत्या, दसरा दरवर्षी येतो."

मधुसूदन आरामखुर्चीतून म्हणाले, "दसरा येतो रे. माझी खात्री नाही."

विनोदच होता तो, पण कुणी हसलं नाही. विद्युलताबाई उठल्या. "मी आत्ताच बघते. पाने-पकडी कुठायत?"

पाने देवापुढे होते. चंदनाचे टिळे लावून, कुंकवाची बोटं ओढून, झेंडूच्या माळेखाली सगळे शिस्तीत निजलेले. आयुधपूजेला मांडलेलं हत्यार विजयादशमीच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही, हा या गावाचा कायदा. वरच्या मजल्यावरच्या अलमेलू मामी पूजेसाठी खाली आलेल्या होत्याच. बाईंची नजर पान्यांकडे गेलेली पाहून त्या ओरडल्या, "अय्यो, विद्या मामी, कूडादु! आज हात नाही लावायचा!"

"नाही लावत," विद्युलताबाई म्हणाल्या. मग पदर खोचला. "संकेत, गाडी चालू कर आणि तशीच ठेव. अहो, तुम्ही खुर्ची फिरवा. गाडीकडे पाठ. डोळे मिटा."

"का बरं?"

"तुम्ही प्रेक्षक. उघडून बघता येत नाही ना? मग मी तो आवाज काढून बघते. काढता आला की तो कशाचा आहे ते कळेल."

स्वयंपाकघरातून वाटी-चमचा आला. बाईंनी इंजिनाच्या ठेक्यात चमचा वाजवला.

"खोटं," मधुसूदन डोळे मिटून म्हणाले. "देवळातली घंटा वाटते."

"बरोबर. धातूवर धातू आपटला की मागे झंकार राहतो. याला मागे काहीच नाही." खलबत्ता आला.

"हे तर नाटकातलं भूत जिना चढतंय!"

लाटणं पाटावर वाजलं. करवंट्या वाजल्या. "घोडा छान आहे," मधुसूदन म्हणाले, "पण आपली गाडी आहे ना?" अलमेलू मामी पोट धरून हसत होत्या. संकेतही हसू दाबत होता. पण बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून तो गप्प झाला. तालमीत सूर सापडेपर्यंत माणूस असतं तशा त्या दिसत होत्या, घामाने डबडबलेल्या आणि कुणाचंही न ऐकणाऱ्या.

हातातलं सगळं त्यांनी खाली ठेवलं. जीभ टाळूला लावून सोडली. टक्. छे, फार कोरडं. मग ओठ घट्ट मिटले आणि आतली हवा एका कोपऱ्यातून तोडून तोडून सोडली. प्च, प्च, प्च. त्या दचकल्या. पुन्हा केलं. करता करताच त्यांनी संकेतला हाताने खूण केली: बंद कर.

संकेतने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. बाईंचे ओठ थांबले नाहीत.

प्च, प्च, प्च.

"अगं, आता बंद करायला सांग त्याला," मधुसूदन वैतागून म्हणाले. "किती वेळ चालू ठेवणार? पेट्रोल जळतंय!"

गाडी तर केव्हाच बंद झाली होती. मग अलमेलू मामींनी अशी टाळी वाजवली की झाडावरचे कावळे उडाले.

"ठोका नाहीच तो!" विद्युलताबाई म्हणाल्या. "हवा आहे! कुठल्यातरी फटीतून हवा सुटतेय."

"थांब आत्या," संकेत आता पेटला होता. "हवा असेल तर दिसेल! साबणाचा फेस लावू. जिथून सुटत असेल तिथे फेस उडेल. ब्रश आहे?"

"माझा दाढीचा आहे," मधुसूदन म्हणाले. "पण परत मला नको."

इंजिन निवू दिलं, प्लगांच्या बुडाशी पांढरा फेस थापला, गाडी सुरू केली. पहिला शांत. दुसरा शांत. तिसरा शांत. चौथ्याचा फेस फुर्रकन संकेतच्या चष्म्यावर.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अलमेलू मामी, हे तुमच्यामुळे!"

"मी काय केलं?"

"चौथा प्लग मी बोटांनी फिरवून बसवला होता. पान्याने आवळणार, तेवढ्यात तुम्ही गच्चीवरून हाक मारली, कोलू बघायला या म्हणून."

कोलू बघायला जायचं म्हणजे नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांपुढे गाणं म्हणायचं, हरभऱ्यांचं सुंडल खायचं, हळदीकुंकू घ्यायचं. ते सगळं यथासांग करून विद्युलताबाई परत आल्या होत्या आणि प्लग आवळला अशा समजुतीने त्यांनी बॉनेट लावून टाकलं होतं.

"गाणं मात्र चांगलं झालं होतं," अलमेलू मामी म्हणाल्या.

"ट्रक मात्र बोलावून ठेवतो," संकेत म्हणाला. "आवळल्यावर ऐकू, मग ठरवू."

"बोलाव," बाई म्हणाल्या. "त्यालाही प्रयोग बघू दे."

विजयादशमीच्या सकाळी या गावात पोरं अक्षर गिरवतात, गाणारे पहिला सूर लावतात. विद्युलताबाईंनी देवापुढून प्लगपाना उचलला, कपाळाला लावला, आणि कुंकू न पुसता चौथ्या प्लगला आवळलं. थोडंसंच वळलं. तेवढंच उरलं होतं.

ट्रक दारात येऊन उभा होता. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "बिघडलेली गाडी कुठली?"

बाई चाकावर बसल्या. किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि नुसती घुमत राहिली. गुळगुळीत, भरलेली, एका सुरातली. संकेतने कान लावला, वेग वाढवायला सांगितला, कमी करायला सांगितला, पुन्हा कान लावला. मग उठून आत्याला वाकून नमस्कार केला.

"कुठली?" ड्रायव्हरने पुन्हा विचारलं.

"कुठलीच नाही," संकेत म्हणाला. ड्रायव्हरला सुंडलाचा द्रोण मिळाला, कांचनाचं पान मिळालं, आणि तो खूश होऊन गेला.

"मला जागा कुठाय?" संकेतने विचारलं.

"मोटरसायकलवरून ये मागून. राजाच्या मागे घोडेस्वार असतातच."

छप्पर मागे गेलं. समुद्राच्या कडेच्या रस्त्याने, कंटेनरच्या रांगांमधून, मासळीच्या वासातून हिरवी गाडी उत्तरेला निघाली. वीजकेंद्राच्या चिमण्या आल्या, राखेची हवा आली, आणि मग खाडीचा पूल. बाईंनी पायाखालचा जोर वाढवला. चाकं पुलावर चढली, पलीकडे उतरली.

मधुसूदनांनी डोळे मिटून घेतले होते.

"अहो, पूल गेला की! बघितला नाहीत?"

"मी प्रेक्षक आहे. ऐकतोय."

"काय ऐकू येतंय?"

"गाडी. दुसरं काही नाही."

"मग वाजवा की!"

आणि एन्नोरच्या त्या धुरकट रस्त्यावर, दोन्ही हात उंच करून, मधुसूदनांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. समोरून येणाऱ्या लॉरीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानेही लांबलचक भोंगा वाजवला. विद्युलताबाईंनी चाकावरचा एक हात उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा विंगेबाहेर येऊन प्रेक्षकांना अभिवादन केलं.