पलीकडे फिरवलेली फट

हे मी नीलाला सांगितलं नाही. ती गेली, म्हणजे आता सांगायचं राहिलंच. मुलीला सांगितलं नाही, कुठल्या मित्राला नाही. तुम्हाला सांगतो आहे, तेही बहुधा एवढ्याचसाठी की तुम्ही मला कधी समोरून पाहणार नाही.

नीला माझी बायको. प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि वर्ग गप्प बसावा म्हणून कधीतरी जादूचे थोडे खेळ शिकली होती. दोरी मधोमध कापायची, मुठीत धरायची, फुंकर मारायची — दोरी अखंड. ताटाएवढ्या स्टीलच्या कड्या एकमेकींत अडकवायच्या, सोडवायच्या. बस्स, इतकंच. नोकरी संपली तरी हे संपलं नाही. गुरुग्रामला आमच्या सोसायटीत कुणाच्याही मुलाचा वाढदिवस असला की लिफ्टमध्येच तिला आमंत्रण मिळायचं. दोरी ती पहाडगंजच्या एका घाऊक दुकानातून आणायची, मऊ, सुती. दुकानदार विचारायचा, "मॅडम, इतनी रस्सी का करती क्या हो?" ती म्हणायची, "पति को बाँधकर रखती हूँ." दुकानदार हसायचा. मी पिशवी धरून शेजारी उभा असायचो.

गेटवरचा गार्ड मला 'जादूवाली आंटीवाले अंकल' म्हणायचा. मी इतिहासाचा प्राध्यापक, आयुष्यभर पानिपतावर लिहीत आलेला माणूस — आणि माझी ओळख काय, तर हिच्या कड्या. मला हे लागायचं का? लागायचं. पण मी तसं कधी म्हटलं नाही. बायकोला नको म्हणणारा नवरा मला व्हायचं नव्हतं. तसे नवरे मला मागासलेले वाटायचे. मी हसून टाळ्या वाजवायचो. ते हसणं आठवलं की आजही तोंडात कडू चव येते.

त्या कड्यांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कड्या चार. तीन सबंध. चौथीला एक बारीक फट, जी अंगठ्याखाली लपते. सगळा खेळ त्या फटीतून होतो. नीला त्या कडीला 'लबाड' म्हणायची. खेळाआधी ती चारही कड्या तबकात एकावर एक ठेवायची, वर खणाचा तुकडा, आणि लबाड सगळ्यांत खाली. मग वरची कडी न बघता उचलायची आणि समोरच्याला द्यायची — घ्या, खेचून बघा, दातांनी चावून बघा. न बघता उचलणं हीच त्यातली गंमत होती. नजर लोकांवर, हात तबकात. तिचा त्या तबकावर विश्वास होता, कारण ते तिने स्वतः लावलेलं असायचं.

माझ्या निवृत्तीची पार्टी आमच्या क्लबहाउसमध्ये होती. विभागातले सगळे आले होते, भाषणं व्हायची होती. सकाळी नीला म्हणाली, "मीपण पाच मिनिटं करते हं काहीतरी. तुमचे ते लोक किती सीरियस असतात, यार." मी म्हणालो, "बिल्कुल. कर ना."

बिल्कुल म्हणालो मी.

दोरीचा खेळ छान झाला. सगळ्यांच्या नजरा तिच्या मुठीवर होत्या. तबक माझ्या कोपराशी, टेबलावर. मी खणाखाली हात घातला आणि खालची कडी काढून वर ठेवली. झटक्यात, रागात केलं असतं तर — नाही, तसं नव्हतं. मी शांत होतो. कडी वर ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की उचलताना फट तिच्या बोटांना लागेल. म्हणून मी ती फिरवली. फट पलीकडच्या बाजूला.

हे फिरवणं मला विसरता येत नाही. कडी वर ठेवणं एक वेळ चीड म्हणता येईल. फिरवणं काय होतं?

तिने कडी उचलली आणि आमच्या विभागप्रमुखांना दिली. त्यांनी बोटं फिरवली, चष्मा वर केला. "भाभीजी, ये तो टूटी हुई है." आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. नीलाही हसली. "अच्छा, आज जादूच उलटी झाली," म्हणाली आणि तबक झाकून खाली बसली. मग माझ्यावर भाषणं झाली. चांगली झाली.

घरी येताना लिफ्टमध्ये ती म्हणाली, "मी खालीच ठेवली होती हो. ठेवली होती ना?"

मी म्हणालो, "दमली असशील."

आता तिच्या आईविषयी. नाशिकला शेवटची काही वर्षं त्या स्वतःच्या मुलीलाच ओळखत नव्हत्या. नीलाला 'बाई, तुम्ही कुणाच्या?' असं विचारायच्या. तिथून परतीच्या गाडीत नीला खिडकीकडे तोंड करून बसायची. तिला आयुष्यात एकाच गोष्टीची भीती होती आणि ती मला नेमकी ठाऊक होती. कडी फिरवताना ती भीती माझ्या मनात होती का? नव्हती. पण लिफ्टमध्ये होती. 'दमली असशील' म्हणताना होती.

त्यानंतर तिने कड्या माळ्यावर टाकल्या. मुलं दारात यायची, "आंटी, रिंगवाला दिखाओ ना." ती सांगायची, हाताला दुखतंय बेटा. मग गॅस बंद केला का ते पुनःपुन्हा बघणं, कुलूप ओढून बघणं, मेट्रोतून मला फोन — "अहो, मी कुठे निघाले होते ते तुम्हाला सांगितलंय ना?" कुणाचं नाव क्षणभर आठवलं नाही की तिचा चेहरा पांढरा पडायचा. नावं मलाही आठवत नाहीत. या वयात कुणाला आठवतात? पण तिच्याकडे पहिला पुरावा होता, आणि तो मी तयार केला होता.

आमची मुलगी मुग्धा नोएडाला राहते. नात ईरा तेव्हा लहान होती. नीलाने एक दिवस सांगून टाकलं, "तिला माझ्याजवळ एकटीला ठेवू नका. मी कुठेतरी विसरून येईन तिला." मुग्धाला वाईट वाटलं, की आईला नातीचा कंटाळा येतो. मी दोघींच्या मधे बसून चहा प्यायलो.

शेवटी नीला स्वतःच डॉक्टरकडे गेली. मी बरोबर. त्यांनी तिच्याकडून कागदावर घड्याळाचं चित्र काढून घेतलं, शब्द म्हणून घेतले. कधीपासून वाटतंय, असं विचारलं. तिने कड्यांचं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, खाली मान घालून. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. आपने भी कुछ नोटिस किया?

खोलीत आम्ही तिघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं.

"हाँ," मी म्हणालो. "थोड़ा भूलने लगी हैं."

हा माझा गुन्हा. कडी नव्हे, हा. कारण तपासणीत काहीच निघालं नाही, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं, आणि तिने विश्वास ठेवला नाही. टॅक्सीत मला म्हणाली, "त्यांना अर्ध्या तासात काय कळणार. तुम्ही तर रोज बघताय ना."

ती गेली पोटाच्या आजाराने. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तिला सगळ्या नर्सची नावं पाठ होती, कुणाच्या मुलाची परीक्षा आहे तेही. मला विचारायची, "ओळखतेय ना मी सगळ्यांना? सांगा हं, चुकले तर." मी म्हणायचो, ओळखतेस. तेव्हा सांगता आलं असतं. मी तिचा हात धरून बसलो होतो, त्याच हाताने. स्वतःच्या हाताची किळस येऊ शकते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. स्टीलला वास नसतो म्हणतात. मला येतो, बोटांना.

भेटायला येणाऱ्यांना मुग्धा सांगायची, आईला अलीकडे विसरायला होत होतं. लोक माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचो. नीला आता तशीच सगळ्यांच्या लक्षात राहणार — शेवटी विसरायला लागलेली बाई.

परवा मुग्धाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "बाबा, मी पण टेस्ट करून घेऊ का? आजीला होतं, आईला होतं. परवा मी ईराच्या स्कूलचा ॲन्युअल डे विसरले. बिल्कुलच विसरले." ती हसली. तसंच, जसं नीला क्लबहाउसमध्ये हसली होती.

मी म्हणालो, "बघू."

बघू. या वयात, इतकं सगळं झाल्यावरही माझ्या तोंडून काय निघालं, तर बघू.

रविवारी ती येणार आहे. माळ्यावरून तबक काढून मी टेबलावर ठेवलंय. कड्या पुसल्या आहेत. लबाड सगळ्यांत वर आहे, आणि फट ती जिथे बसते त्या खुर्चीकडे.