निळ्या चिमणीचं मत

या गोष्टीला सात वर्षं झाली आणि ती ऐकणारे तुम्ही पहिलेच. नवऱ्याला माहीत नाही, दापोलीला आईला माहीत नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. अनोळखी माणसापाशी माणूस किती मोकळं बोलून जातो, ते मला जरा जास्तच चांगलं ठाऊक आहे.

लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा मला इथलं कुत्रंही ओळखत नव्हतं. काम घरूनच होतं, एका कंपनीची इंग्रजी पत्रं तपासायची. नवरा सकाळी जायचा तो दिवेलागणीनंतर यायचा, सासूबाई बोलायच्या पण कामापुरतं. मग उरली मनवा, माझी नणंद. नणंद म्हटलं की लोक डोळे बारीक करतात. तसलं काही नव्हतं हो. कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती, वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढायची आणि मला पहिल्या दिवसापासून ‘अगं वहिनी’ म्हणायची. त्या घरात माझ्याशी कोणी हसून बोलत असेल तर ती एकटी.

तिनेच मला ते कोरियन कॉमिक दाखवलं. फोनवर, इंग्रजीत, दर गुरुवारी नवा भाग. एका वाघाची सावली हरवते आणि डोंगरातली एक शिंपीण त्याला नवी सावली शिवून द्यायला बसते, एवढीच गोष्ट. पण चित्रं! मी कॉमिक म्हणजे पोरांचं काम समजत होते. तिथे एकेक चित्र बोटाने वर सरकवताना जीव दडपायचा. धुक्याचे पाच रंग असतात हे मला त्या वाघाने शिकवलं.

गुरुवारी संध्याकाळी सासूबाई दत्ताच्या आरतीला जायच्या. तेवढा तास आमचा. स्वयंपाकघरात खाली फतकल मारून बसायचं, फोन चपात्यांच्या डब्याला टेकवायचा, पुढ्यात गवार नाहीतर मेथी. हात ओले, मग पान सरकवायचं कोपराने. आणि मनवाचा एक नियम होता — भाजी निवडून होईपर्यंत खालच्या कमेंट वाचायच्या नाहीत. आधी आपलं मत सांगायचं, मग जगाचं बघायचं. तिच्या मते दुसऱ्याचं वाचून सांगितलेलं मत म्हणजे उष्टं.

माझं मत ठरलेलं असायचं. ‘मस्त होतं गं.’ फार तर, ‘वाघ बिचारा किती सहन करतो.’ आणि मनवा? एकदा ती म्हणाली की शिंपीण सुई ओवते त्या चित्रात तिचे डोळे मिटलेत, गेल्या तीन भागांत ती सुईकडे न बघताच ओवतेय. म्हणजे तिला दिसेनासं होत चाललंय आणि ते वाघाला अजून कळलेलं नाही. मी मागे जाऊन बघितलं. खरंच की! तीच चित्रं मीही बघितली होती — मग मला का नाही दिसलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी, काम संपल्यावर, मी ते कमेंटमध्ये लिहिलं. माझ्या चांगल्या, घोटीव, ऑफिसातल्या इंग्रजीत. अॅपने आपणहून एक नाव चिकटवलं होतं, ब्लू स्पॅरो. मनवाचं नाव कुठेच घातलं नाही. का नाही घातलं? तेव्हा स्वतःला सांगितलं की परक्या लोकांत पोरीचं नाव कशाला. पण बदाबदा लाइक पडायला लागले, ब्राझीलमधली कोण बाई ‘तुझे डोळे मला दे’ म्हणाली, आणि मी स्वयंपाकघरात एकटीच लाजले. लाजताना मला मनवाची आठवणसुद्धा झाली नाही.

पुढच्या गुरुवारी भाजी झाल्यावर तिने मागच्या कमेंट उघडल्या आणि किंचाळलीच.

“वहिनी, बघ ना यार! ही कोणतरी... ही अगदी माझ्यासारखं बघते गं!”

तिथेच सांगायचं होतं. ‘अगं बावळट, मीच ती’ — चार शब्द. हसलो असतो, तिने गवारीची शेंग फेकून मारली असती, संपलं असतं. पण तिचा चेहरा इतका उजळला होता की माझी जीभ उचलेना. छे, हेही पूर्ण खरं नाही. उष्टं मत तिच्यापुढे कबूल करायची मला लाज वाटली. मी म्हटलं, “हो ना, कमाल आहे.”

मनवाने त्या चिमणीला निरोप लिहिला. आणि चिमणीने उत्तर दिलं.

पुढचे सहा-सात महिने मी गुरुवारी तिचं मत ऐकायची आणि शुक्रवारी ते जरासं वळवून तिलाच परत पाठवायची. तिला वाटायचं, जगाच्या कुठल्यातरी टोकाला आपल्या डोळ्यांनी बघणारं एक माणूस आहे. ती त्या माणसाची वाट बघायची. शेजारी मी मेथी निवडत बसलेली असायची. तिने चिमणीला काय काय सांगितलं! घर लहान वाटतं, अकाउंट्स नकोसे झालेत, चित्रंच काढावीशी वाटतात. आणि एकदा लिहिलं की माझी वहिनी फार गोड आहे, माझी तीच एक मैत्रीण आहे, पण तिला चित्रातलं काही कळत नाही, तू असतीस तर किती बरं झालं असतं. ते वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. खोटं असतं तर रडले नसते. एका न जन्मलेल्या बाईचा मला मत्सर वाटत होता आणि ती बाई मीच होते.

मग ते पत्र आलं. बंगलोरच्या एका चित्रांच्या शाळेत मनवाला प्रवेश मिळाला होता, दोन वर्षांचा कोर्स. घरात गुपचूप अर्ज केला होता तिने. नवरा म्हणाला जाऊ दे तिला. सासूबाई म्हणाल्या, एकटी काय करशील तिथे? मनवाचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. तिने मला विचारलं, “वहिनी, तू सांग ना, जाऊ?”

“जा गं! विचार कसला करतेस?” मी म्हटलं. अगदी मिठी मारून म्हटलं.

आणि म्हणताना मला पक्कं माहीत होतं की माझ्या मताला वजन नाही. वजन कोणाच्या मताला आहे, तेही माहीत होतं.

तिने आपली दहा चित्रं चिमणीला पाठवली. एक आमच्या स्वयंपाकघराचं होतं — डब्याला टेकवलेला फोन, दोन पाठमोऱ्या बायका, खिडकीत संध्याकाळचा डोंगर. त्यात माझा हात तिच्या पाठीवर होता. मी तसा कधी हात ठेवत असे हे मला ठाऊकच नव्हतं. इतकं सुंदर मला आजवर कोणी बघितलेलं नाही. आणि ते चित्र समोर ठेवून, भर दुपारी, घरात कोणी नसताना, चहाचा कप बाजूला ठेवून, मी लिहिलं: चित्रं नीटनेटकी आहेत. पण नीटनेटकं काढणारे पुष्कळ असतात. तुझ्याकडे नजर आहे ती बघणाऱ्याची, काढणाऱ्याची नाही. छंद म्हणून जप. वाईट वाटून घेऊ नकोस, खरं बोलणारं कोणीतरी असावं.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम नीट केला आणि पाठवून दिलं.

ती गेली नाही. ‘नाही जमणार मला’ एवढंच म्हणाली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मला हवं होतं ते मिळालं ना? गुरुवार माझ्याकडे राहिले, ती मात्र त्यात राहिली नाही. आधी वही गेली, मग कॉमिक. पुढच्या एका गुरुवारी मी फोन डब्याला टेकवून हाक मारली, तर म्हणाली, “तू वाच गं, मला कंटाळा आलाय.” गवार मी एकटीनेच मोडली.

आता ती अंधेरीला विम्याच्या ऑफिसात आहे, लग्न करून घाटकोपरला राहते. सणावाराला येते, हसते, माझ्या हातची सोलकढी डब्यात भरून नेते. चांगली आहे. तिच्या हाताला कधी शाई लागलेली दिसत नाही. कधीतरी आपल्या लेकासाठी, माझ्या भाच्यासाठी म्हणून तरी एखादं मांजर काढेल, अशी मी वाट बघते. काढत नाही. मला ती गवारीतली मनवा इतकी हवीशी वाटते की कधी कधी मागच्या भागांवर जाऊन मी ब्लू स्पॅरोच्या कमेंट वाचत बसते. शब्द माझे असले तरी आवाज तिचा आहे. तो तेवढाच शिल्लक आहे.

गेल्या गुरुवारी कॉमिक संपलं. शुक्रवारी चिमणीला निरोप आला, इतक्या वर्षांनी पहिला. मनवाने शेवटचा भाग वाचला होता. आवडला का नाही, काही मत लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं की तेव्हा तू एकटीच माझ्याशी खरं बोललीस, बाकी सगळ्यांनी, अगदी वहिनीनेसुद्धा, मला बरं वाटावं म्हणून जा जा केलं. तुझ्यामुळे तोंडघशी पडायची वाचले. थँक यू.

मी ओले हात पदराला पुसले. मग लिहिलं, ‘वेलकम.’ आणि पाठवलं.