भांडायला निवडलेला माणूस

माझ्या थोरल्या दिरांना अख्खी गल्ली पाठीमागे रंधा म्हणते. सुतार आहेतच, पण नाव पडलं ते जिभेमुळे. समोर येईल त्याला सोलून काढतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "दार मी चांगलं रुंद केलंय, म्हणून ही आत आली, हे तिला सांगून ठेवा." मी तेव्हा काडीसारखी होते. पुढे अंग सुटलं आणि ते वाक्य मला जास्तच झोंबायला लागलं. हा माणूस मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते.

त्यांनी लग्न केलं नाही. करायचं म्हटलं असतं तरी मुलगी कोणी दिली असती, हा प्रश्नच आहे. गल्लीच्या मागे त्यांचा कारखाना आहे, म्हणजे होता. पत्र्याची लांब शेड, कोपऱ्यात झोपायची खाट, आणि बाहेर आवारात फळ्यांच्या थप्प्या. दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचलेल्या. लाकूड वर्षानुवर्षं तसंच वाळू द्यायचे. घाईचं गिऱ्हाईक आलं तर त्याला हाकलून लावायचे. "ओल्या लाकडाचं दार पाहिजे? मग पावसात उघडणार नाही आणि उन्हात बंद होणार नाही. जा, दुसरीकडे जा." गल्लीतलं एकूण एक दार त्यांनीच केलेलं. शिंप्याच्या दुकानातलं कापड बेतायचं टेबल, शाळेतले बाक, सगळं त्यांचंच. प्रत्येक वस्तूबरोबर एक अपमान फुकट मिळायचा.

मग एके दिवशी काही माणसं आली आणि आमच्या दारांसमोर लाल टोकाच्या खुंट्या ठोकून गेली. कुठल्या तरी लांबच्या वीजकेंद्रातून दुसऱ्या कुठल्या तरी लांबच्या शहराला जाणारी मोठी तारेची लाइन आमच्या डोक्यावरून जाणार होती. आमच्या घरात त्यातला एक दिवाही लागणार नव्हता. पण तारांखाली घर ठेवायचं नाही, झाड ठेवायचं नाही, लाकडाचा साठासुद्धा ठेवायचा नाही, असा त्यांचा नियम. म्हणजे आमची रांगच्या रांग उठणार. त्या रात्री गल्लीत कोणी धड जेवलं नसेल.

पाठोपाठ कंपनीची एक बाई आली. गोड बोलणारी, गळ्यात ओळखपत्र. म्हणाली, "तुम्हाला विचारल्याशिवाय काहीही होणार नाही. आराखडा आपण सगळे मिळून ठरवू या. तुमच्यातला एक प्रतिनिधी द्या."

गल्ली शिंप्याच्या दुकानासमोर जमली. प्रतिनिधी कोण, यावर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायला लागला. कामधंदा सोडून साहेबांच्या तोंडी कोण लागणार? शेवटी शिंपीच बोलला. तो आमच्या गल्लीतला सगळ्यात लाघवी माणूस, कोणाशी वाकडं नाही.

"आपल्याला सज्जन माणूस काय कामाचा? चावणारा माणूस पाहिजे. रंध्याला पाठवू."

सगळे हसले. माझा नवरासुद्धा हसला. सख्खा भाऊ त्याचा. घरी आल्यावर मी म्हटलं, "चावायला सोडताय खरं, पण नंतर त्यांना विचारणार आहात का कोणी?"

"तुला त्यांचा पुळका कधीपासून?" नवरा म्हणाला.

पुळका नव्हताच. पण माझे डोळे शाबूत होते. नियमाप्रमाणे प्रतिनिधीबरोबर आणखी दोघे बसू शकत होते. एकही तयार झाला नाही. रंध्याच्या शेजारी बसून त्याची बोलणी कोण ऐकून घेणार? ते एकटेच जात राहिले.

आणि भांडले बरं का! बैठका शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या. आम्ही बायका दाराशी उभ्या राहून ऐकायचो. पहिल्याच दिवशी बाईने भिंतीवर नकाशा लावला आणि सहभागाचं महत्त्व सांगायला लागली. भाऊजींनी तिला तिथेच अडवलं.

"सहभाग म्हणजे काय हो बाई? गळा आमचा, दोरी तुमची, आणि गाठ डावीकडे मारायची का उजवीकडे ते आम्ही ठरवायचं?"

बाईचं हसू मावळलं. तिच्याबरोबर आलेल्या कंपनीच्या तरुण साहेबांनी चष्मा पुसला. पुढच्या बैठकीत कंपनीने चिठ्ठ्या टाकून मत घेऊ म्हटलं, तर भाऊजी बाकावर हात आपटून म्हणाले, "चिठ्ठ्या भेकडांनी टाकाव्यात. इथे जे ठरेल ते हात वर करून ठरेल. कोण काय म्हणतोय ते तोंडावर कळू दे." बाहेरून ऐकणाऱ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. गावाबाहेरच्या जुन्या खाणीच्या बाजूची पडीक जमीन सोडून आमच्याच डोक्यावर लाइन का, हे त्यांनी इतक्यांदा विचारलं की साहेब त्यांना येताना बघूनच घाम पुसायला लागले. तिकडची जमीन भुसभुशीत आहे, मनोरे उभे करायचे तर पाया खोल न्यावा लागेल, असं साहेब म्हणाले. "मग न्या की खोल," भाऊजी म्हणाले, "तुमच्या अंगात जोर नाही का?"

शेवटी कंपनी हलली, पण हलली कशी बघा. बाई नवा नकाशा घेऊन आली. आता त्यावर दोन रेघा होत्या. एक आमच्या रांगेवरून. दुसरी थोडी मागे सरकलेली, आणि तिच्याखाली एकच छप्पर. भाऊजींचा कारखाना.

बाई म्हणाली, "तुमच्या सूचनेचा आदर करून आम्ही दुसरा पर्याय दिलाय. पुढच्या बैठकीत गावकऱ्यांनी निवडावा. एका घराचा एक हात."

आदर म्हणे! त्या बाईच्या झिंज्या उपटाव्यात असं मला वाटलं. ज्याने सळो की पळो केलं त्याच्याच गळ्यात फास, आणि तो घट्ट करायचा आमच्या हातांनी. ही यांची लोकांना विचारायची रीत.

त्या आठवड्यात आयुष्यात कधी केलं नव्हतं ते भाऊजींनी केलं. ते घरोघरी गेले. विनंती त्यांना येत नाही, त्यामुळे उंबऱ्यातूनच खेकसायचे. आमच्याकडेही आले. चपला काढल्या नाहीत, बसले नाहीत.

"दोन्हीला हात वर करायचा नाही," ते म्हणाले. "समजलं का? एकानेही हात वर केला नाही, तर त्यांना परत जाऊन खाणीकडची रेघ मारावी लागेल. तो पोरगा साहेब माझ्यासमोर कबूल झालाय, पाया खोल नेता येतो, नुसता खर्च जास्त आहे. म्हणून हात खाली. बस्स."

"हो दादा," नवरा म्हणाला.

"हो म्हणतोस, पण तुझा काही भरवसा नाही. तू लहानपणापासून बुळा आहेस." आणि गेले.

घरोघरी त्यांना हेच उत्तर मिळालं असणार. हो दादा. शिंप्याने तर म्हणे चहासुद्धा पाजला.

बैठकीच्या दिवशी हॉल भरला होता. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. भाऊजी पुढे, नेहमीसारखे एकटे. बाईने दोन्ही रेघा समजावून सांगितल्या आणि शेवटी, अगदी सहज, जोडून दिलं, "आज काही ठरलं नाही, तर पहिला पर्याय कायम राहील."

भाऊजी ताडकन उठले. "खोटं बोलतायत! घाबरवतायत तुम्हाला! हात खाली ठेवा, कोणी हलू नका!"

साहेब खाली बघत होते. त्यांच्या तोंडावरूनच मला कळलं की भाऊजी खरं बोलतायत. ते कोणालाही कळलं असतं. पण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर स्वतःचं छप्पर उभं होतं.

"पर्याय दोन," बाई म्हणाली. "ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा."

मग शिंप्याचा हात वर गेला. तो मान वळवून दुसरीकडे बघत होता, जणू तो हात त्याचा नव्हताच. त्याच्या मागे पिठाच्या गिरणीचा मालक. मग एकेक करत सगळी रांग. भाऊजी वळून उभे राहिले होते. चिठ्ठ्या असत्या तर हे त्यांना दिसलं नसतं. आता प्रत्येक हात दिसत होता, आणि प्रत्येक हाताच्या मालकाला त्यांनी दार करून दिलं होतं.

आणि मग माझ्या नवऱ्याचा हात वर गेला.

मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं मी भाऊजींच्या नावाने बोटं मोडत आले होते. पण मी दारातून तडक आत गेले, बाकांमधून वाट काढली, आणि नवऱ्याचा हात मनगटाला धरून खाली ओढला. सगळ्यांसमोर.

"लाज वाटते का?" मी ओरडले. "तुमचा भाऊ आहे तो!"

"अगं, घर जाईल आपलं," नवरा पुटपुटला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला त्या पाण्याची कीव आली नाही, अजूनही येत नाही. माझंही घर होतं ते. त्याच्या हाताला जोर होता आणि तो पुन्हा वर जाऊ बघत होता. मी दोन्ही हातांनी धरून ठेवला.

तेवढ्यात भाऊजींचा आवाज आला. "ए, सोड त्याला. तुला कोणी मध्ये पडायला सांगितलं? मोजू दे त्यांना."

मी सोडला नाही. बाईने आमचा एक हात वगळून बाकीचे मोजले. ते पुरेसे होतेच.

कारखाना पाडायला गल्लीतलं कोणी गेलं नाही, आणि वाचवायलाही गेलं नाही. थप्प्या हलवताना कितीतरी फळ्या फुटल्या. आता तिथे कुंपण आहे, मनोरा आहे, आणि ओलसर हवेत वरून सतत गुणगुण ऐकू येते. आमची घरं उभी आहेत. दारं अजून नीट लागतात. पुढे मनोऱ्याच्या कामात फुटलेल्या पाण्याच्या पाइपावरून कंपनीशी वाद झाला तेव्हा शिंपी मला विचारायला आला, दादा बोलतील का आपल्यातर्फे. मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भाऊजी हल्ली बाजारामागे भाड्याच्या खोलीत राहतात आणि दुसऱ्याच्या दुकानात रोजाने काम करतात. गल्लीतल्या एकाही माणसाशी बोलत नाहीत, भावाशी तर नाहीच. मी डबा घेऊन जाते तेव्हा दार उघडतात, डब्यात डोकावतात आणि म्हणतात, "एवढं मीठ? मारायचंय का मला?"

एवढ्या जणांत ते फक्त मला शिव्या देतात.